४.६ व्होल्टला चालतो, ५ व्होल्टला अडतो: पुरातून वाचलेल्या ८०८५ चं प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरी, भाचीने आणि मी मिळून एक कॉम्प्युटर बांधला. इंटेलचा ८०८५ प्रोसेसर, ८ केबी रॅम, ८ केबी ईप्रॉम (वीज गेली तरी प्रोग्रॅम जपून ठेवणारी चिप), पडद्याच्या जागी सेव्हन सेगमेंटचे (सात रेघांनी बनणारे) सहा आकडे आणि कीबोर्डच्या जागी नुसती बटणं. सगळा माल जुना, बहुतेक पुराच्या पाण्यातून निघालेला. तो पहिल्यांदा चालू झाला तेव्हा घरात पेढे वाटले. चार दिवसांनी त्याला चांगला वीजपुरवठा दिला आणि तो बंद पडला.

नुसता बंद पडला असता तर समजलं असतं. पण जुन्या, गंजलेल्या सप्लायवर परत लावला की चालायचा. मीटर लावून बघितलं तर जुन्या सप्लायवर बोर्डाला मिळत होते ४.६२ व्होल्ट आणि नव्यावर ५.०८. ८०८५ ला ५ व्होल्ट लागतात. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. आमचं मशीन हद्दीच्या खाली बिनतक्रार चालत होतं आणि हद्दीत आणलं की अडत होतं. हे उलटं गणित सुटायला तीन आठवडे गेले. जुन्या सुट्या भागांतून काही बांधायला बसणाऱ्या कुणालाही हे भेटू शकतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो, चुकलेल्या वाटांसकट.

माल कुठला

तीस वर्षं मी एका पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. डिप्लोमाची मुलं तिथे ८०८५ च्या ट्रेनर किटवर शिकायची. ३ई ०५ सी६ ०३ ३२ ५० २० ७६. सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेले हे आठ बाइट मी झोपेतही सांगेन: पाच घे, त्यात तीन मिळव, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव, थांब. मग मूल २०५० उघडून बघायचं आणि तिथे ०८ दिसलं की चेहरा उजळायचा. आतमध्ये काय घडतं ते बोट ठेवून दाखवता येतं, असं यंत्र मला तरी दुसरं माहीत नाही.

८०८५ हा १९७६ चा. त्याच्या आधीच्या ८०८० ला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन व्होल्टेज द्यावे लागायचे. याला एकटे ५ पुरतात, नावातला शेवटचा ५ त्याचाच. त्याच वर्षी झायलॉगचा झेड८० आला. २०२४ मध्ये झायलॉगने सुट्या झेड८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. म्हणजे या पिढीच्या चिप इथून पुढे बहुतेक जुन्या बोर्डांतूनच निघणार. म्हणून भंगारातला प्रत्येक बोर्ड मला आता वेगळा दिसतो.

२०१८ मध्ये प्रयोगशाळेतल्या जुन्या सामानाचं निर्लेखन झालं. लिलावाच्या ढिगातून मी चार किट वजनावर विकत घेतले. दोन एका बनावटीचे, दोन दुसऱ्या. ते खालच्या खोलीत फळीवर होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर, मग नावेतून बाहेर. परत आलो तेव्हा खालच्या खोलीत पोटरीएवढा गाळ होता आणि किट त्या गाळात.

पाणी ओसरल्यावर ऊन पडलं. गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर गाद्या, वह्या, धान्य, फोटो, सगळं वाळत पडलेलं. मीही किट नळाखाली धुतले, पॅनेल उघडले आणि बोर्ड उताणे करून गच्चीवर ठेवले. चार-पाच दिवस तिथेच होते. मग कोरडे झाले म्हणून खोक्यात भरून माळ्यावर टाकले. पुढे घराचं काम निघालं, करोना आला, मी निवृत्त झालो. खोकं तसंच राहिलं.

झिरो पीसीबीवर

भाची इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी करते. सुट्टीत आली आणि माळ्यावरून खोकं तिनेच काढलं. "मामा, हे परत चालू करूया की." किटच दुरुस्त करायचा पहिला विचार होता. पण पुराचा गाळ नुसता वर बसत नाही. तो आयसी बेसच्या (चिप बसवायच्या खाचेच्या) आत शिरतो, ओल धरून ठेवतो, आणि खालचा तांब्याचा ट्रॅक हिरवा पडून तुटतो. एका बोर्डावर मी एकवीस तुटके ट्रॅक वायरने सांधले. बाविसावा सापडला तेव्हा ठरलं: चिप काढून घ्यायच्या आणि झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या कोऱ्या पाटावर, नवा बोर्ड बांधायचा.

चिप काढणं हेच निम्मं काम. पाय काळे पडलेले, काही खांद्यापाशी कागदासारखे पातळ. पहिल्या बनावटीच्या दोन किटपैकी एकाच्या ईप्रॉमचे तीन पाय बेसमध्येच राहिले. उरलेल्या चिपचे पाय खोडरबरने घासले, डिस्टिल्ड वॉटरने धुतले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पंख्याखाली. नवे राउंड पिन आयसी बेस भाचीने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघाली, दिवसभर दुकानं फिरली, तिसऱ्या दिवशी सकाळी परत.

एकदम सगळं जोडायचं नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आधी नुसता प्रोसेसर. ८०८५ मध्ये पत्त्याच्या खालच्या आठ ओळी आणि डेटाच्या आठ ओळी एकाच पायांवरून जातात, पाय १२ ते १९. त्या आठही पायांना ४.७ के चे रेझिस्टर लावून ते ग्राउंडला बांधले. म्हणजे प्रोसेसर काहीही वाचायला गेला तरी त्याला ०० मिळणार, आणि ०० म्हणजे नॉप: काही करू नको, पुढे चल. रेडीचा पाय ५ व्होल्टला, होल्ड आणि सगळे इंटरप्टचे पाय ग्राउंडला. ठोके द्यायला ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. प्रोसेसर तो आत निम्मा करून वापरतो, ३.०७२. एक नॉप चार ठोक्यांची. पत्ते ६५,५३६. गणित केलं की सगळ्यात वरची पत्त्याची ओळ सेकंदाला साधारण पावणेबारा वेळा चालू-बंद व्हायला हवी.

त्या ओळीच्या पायावर, पाय २८ वर, ट्रान्झिस्टर लावून त्याला एलईडी जोडला. पहिल्या चिपला मिट्ट अंधार. दुसरीला एलईडी सतत पेटलेला. तिसरी बसवून बटण दाबलं आणि एलईडी थरथरू लागला, निरांजनाची ज्योत वाऱ्यात थरथरते तसा. भाचीने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून मोजलं. पावणेबाराच. सहा वर्षं चिखल खाऊन माळ्यावर पडलेली चिप शून्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत चालत जात होती आणि परत पहिल्यापासून.

पुढचा भाग किचकट. ईप्रॉममधला मॉनिटर (बटणं आणि आकडे सांभाळणारा किटचा मूळ प्रोग्रॅम) किटच्या मूळ पत्त्यांसाठी लिहिलेला. रॅम कुठे, डिस्प्लेची चिप कुठल्या पोर्टवर, हे सगळं आम्हाला नव्या बोर्डावर तसंच्या तसं उभं करायला हवं होतं. मॅन्युअलची पानं पुरात एकमेकांना चिकटून वीट झाली होती. मल्टिमीटर बझरवर ठेवून मूळ बोर्डावरच्या ७४एलएस१३८ चा (पत्त्यावरून कुठली चिप जागी करायची ते ठरवणाऱ्या चिपचा) एकेक पाय कुठे जातो ते भाचीने कागदावर उतरवलं. दोन दिवस घरात नुसती टीं टीं चालू होती. शून्यापासून ८ केबी ईप्रॉम, त्यापुढे २००० पासून ६२६४ रॅम, आणि डिस्प्ले-कीबोर्ड सांभाळणारी ८२७९. पत्ता पकडून ठेवायला ७४एलएस३७३. वीज किटच्याच जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायची, त्याच्या मूळ कनेक्टरसकट. रीसेट दाबला आणि आकड्यांच्या पाटीवर "८०८५" उमटलं.

१ दाबला की ७

पेढे खाऊन झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. १ दाबलं की पाटीवर ७ दिसायचा. २०१० उघडा म्हटलं की २०७०. आत मात्र १ च जात होता, कारण त्या पत्त्यावर ठेवलेलं बरोबर तिथेच सापडायचं.

सेव्हन सेगमेंटमध्ये १ आणि ७ यांत फरक एकाच रेघेचा, वरची आडवी रेघ. मला वाटलं कुठेतरी सोल्डर चिकटलं असणार आणि ती रेघ फुकट पेटते आहे. डिस्प्ले काढला, राळ साफ केली, परत लावला. १ दाबलं, ७. दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "वायरचा दोष असता तर ४ पण बिघडला असता की. ४ ला पण वरची रेघ नसते." ४ दाबून बघितलं. स्वच्छ ४. लहान बी आणि लहान डी यांनाही वरची रेघ नसते, तेही बरोबर. तारेला १ आणि ४ यांतला फरक कळत नाही. म्हणजे दोष तारेत नव्हता, १ कसा काढायचा हे जिथे लिहून ठेवलंय तिथे होता. तिथवर ती पोचली होती. मी मात्र "बघू नंतर" म्हणून पुढच्या कामाला लागलो. तेव्हाच थांबलो असतो तर दोन आठवडे वाचले असते.

नवा सप्लाय

पुढचं काम सीरियल पोर्टचं. बाहेरच्या कॉम्प्युटरशी बोलणारी ८२५१ आणि तिच्या पुढे तारेवर व्होल्टेज सोडणारी १४८८ लावायची होती आणि १४८८ ला अधिक-उणे १२ व्होल्ट लागतात. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) हे सगळं तयार मिळतं: लाल ५, पिवळी १२, निळी उणे १२, आणि हिरवी वायर काळीला टेकवली की सप्लाय चालू. पाचच्या ओळीवर थोडा भार हवा म्हणून १० ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर टाकला. बोर्ड जोडला, रीसेट दाबला. पाटी कोरी. बटण दाबलं तर त्याचा आकडा दिसायचा, पण सुरुवातीची "८०८५" गायब. प्रोग्रॅम भरून चालवायला गेलं की सगळं थिजायचं.

जो बदल केला त्याच्यावरच संशय जातो. एसएमपीएस म्हणजे खरखर, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो. प्रत्येक चिपच्या बुडाशी १०४ चे कपॅसिटर होतेच, आणखी लावले. १००० मायक्रोफॅरडचा मोठा लावला. ग्राउंडला जाड वायर टाकली. दुसऱ्याच्या घरून दुसरा एसएमपीएस आणला. तीच गत. मग ट्रान्सफॉर्मर आणि नवा ७८०५ (५ व्होल्ट कायम ठेवणारा रेग्युलेटर) घेऊन खरखरीचा प्रश्नच नसलेला साधा सप्लाय बनवला. बोर्डावर मोजून ५.०१. पाटी कोरी.

तिथे माझा पहिला समज मोडला. दोष एसएमपीएसचा नव्हता. जुन्या सप्लायमध्ये काहीतरी वेगळं होतं, आणि मीटर घेऊन बसलो तर वेगळं एवढंच सापडलं: तो कमी व्होल्टेज देत होता. सप्लायच्या तोंडाशी ४.९८, बोर्डावर ४.६२. मधले ०.३६ व्होल्ट गंजलेल्या कनेक्टरमध्ये जात होते. हात लावला तर कनेक्टर कोमट.

एकेक पायरी

मग एलएम३१७ या रेग्युलेटरवर व्होल्टेज बदलता येणारा सप्लाय बांधला. भाचीने वही आखली. प्रत्येक पायरीला दहा वेळा रीसेट दाबायचा आणि "८०८५" किती वेळा उमटतं ते लिहायचं. ४.४० ला दहापैकी दहा. ४.६० ला दहा. ४.७० ला दहा. ४.८० ला सात. ४.९० ला दोन. ५.०० ला शून्य. परत खाली आणलं की परत दहा.

हा तक्ता समोर आला तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. सैल जोड असता तर तो असा शिस्तीत वागला नसता. चिप मेलेली असती तर कमी व्होल्टेजला आणखी बिघडली असती. व्होल्टेज वाढवल्याने जे बिघडतं ते कुठे असू शकतं?

चिप एकेक बदलल्या. प्रोसेसर दुसऱ्या किटचा, फरक नाही. ८२७९, रॅम, ३७३, फरक नाही. बदलता येत नव्हती ती एकच, ईप्रॉम. जोडीची पाय तुटून गेलेली आणि दुसऱ्या बनावटीच्या किटचा मॉनिटर वेगळ्या पत्त्यांचा. मग ईप्रॉमचे वीज घेणारे दोन पाय, २८ आणि १, बेसमधून अलगद वर वाकवले आणि त्यांना वेगळी वायर देऊन ४.५० व्होल्ट दिले. बाकी सगळा बोर्ड एसएमपीएसवर, ५.०८ ला. रीसेट. "८०८५". परत रीसेट. "८०८५". दहापैकी दहा.

ईप्रॉमच्या खिडकीतून

ईप्रॉम १९७१ ची, इंटेलमधल्या डोव्ह फ्रोमन यांनी काढलेली युक्ती. प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्या आत काचेसारख्या थरात चहूबाजूंनी कोंडलेलं एक तरंगतं गेट. त्या गेटवर इलेक्ट्रॉन कोंबले की ट्रान्झिस्टर सहजी वाहत नाही, तो ०. रिकामं असलं की वाहतो, तो १. म्हणून कोरी ईप्रॉम वाचली की सगळीकडे एफएफ, म्हणजे सगळे १. पुसायची असली तर वरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडायचा. प्रयोगशाळेतल्या इरेझरमध्ये पंधरा-वीस मिनिटं पुरायची. कोंडलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या बळावर निसटतात.

वाचताना चिप त्या ट्रान्झिस्टरच्या वरच्या गेटला आपल्याला मिळालेलं व्होल्टेज देते आणि तो वाहतो का बघते. इलेक्ट्रॉन भरपूर असतील तर ५ व्होल्टलाही तो वाहत नाही. पण थोडे निसटलेले असतील तर? ४.६ चा रेटा कमी पडतो, तो वाहत नाही, ० वाचला जातो, बरोबर. ५ चा रेटा पुरतो, तो वाहतो, १ वाचला जातो, चूक. कमी व्होल्टेज इथे कमकुवत आठवणीला सांभाळून घेतं.

इलेक्ट्रॉन निसटले कसे, हे मला तेव्हाच कळलं. अशा चिपच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं: खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात चिप पुसायला सुमारे तीन वर्षं लागतील, थेट उन्हात सुमारे एक आठवडा. म्हणूनच खिडकीवर अपारदर्शक लेबल चिकटवायचं असतं. आमची कागदी लेबलं पुराने सोलून नेली आणि मी बोर्ड उताणे करून चार-पाच दिवस गच्चीवर ठेवले. चिखलातून वाचलेलं उन्हात निम्मं पुसलं गेलं.

हा नुसता तर्क राहू नये म्हणून आम्ही पडताळा घेतला. दुसऱ्या बनावटीच्या एका किटच्या ईप्रॉमवर चंदेरी धातूचं लेबल होतं आणि ते पुरात टिकलं होतं. तोच पूर, तीच गच्ची, तेच ऊन. ती चिप ४.४ ला आणि ५.३ ला वाचली. एकाही बिटचा फरक नाही.

म्हणजे पुराने दोन बिघाड केले होते. एक कनेक्टरच्या गंजात, एक ईप्रॉममध्ये. आणि गंज होता म्हणून ईप्रॉम चालत होती. आम्ही एक बिघाड दूर केला तेव्हा दुसरा उघडा पडला.

आठ हजार बाइट

आता आतलं सगळं वाचून काढायचं होतं. भाचीने आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा तयार बोर्ड) घेतला, पत्त्याच्या तेरा ओळींसाठी दोन ७४एचसी५९५, ईप्रॉमची वीज एलएम३१७ वरून, आणि कमी व्होल्टेजच्या चिपचा १ आर्डुइनोला नीट कळावा म्हणून मध्ये ७४एचसीटी२४५. ४.४० ला ८,१९२ बाइट वीस वेळा वाचले: वीसही वेळा हुबेहूब सारखे. ४.२० ला वाचले: तेच. ५.०० ला वीस वेळा वाचले: प्रत्येक वेळी वेगळं. फरक एकूण सव्वीस बिटांत. आणि सव्वीसच्या सव्वीस एकाच दिशेने, ० चा १. उलट एकही नाही. डेटाच्या ओळींची किंवा वायरीची गडबड असती तर दोन्हीकडे झाली असती.

त्यातली एक जागा मी मुद्दाम सांगतो. ८२७९ ला डिस्प्ले पुसायचा हुकूम दिला की तिला १६० मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तिला काही लिहायला दिलं तर ते वाया जातं. म्हणून मॉनिटर तिची स्थिती विचारत राहतो: झालं का? नाही, तर परत विचार. हे "नाही, तर परत" म्हणजे जेएनझेड, सी२, बिटांत ११०० ००१०. पाच व्होल्टला त्यातला एक शून्य एक होत होता: ११०० १०१०, सीए. सीए म्हणजे जेझेड. "नाही, तर परत विचार" याचं "हो, तर परत विचार" झालं. चिप पुसण्यात गुंतलेली असतानाच मॉनिटर पुढे जाऊन "८०८५" लिहून मोकळा व्हायचा आणि पाटी कोरी राहायची. एका बिटाने प्रोग्रॅमने घ्यायचा निर्णय बरोबर उलटा केला होता.

आणि १ चा ७? आकड्यांच्या आकारांचा तक्ता आम्हाला ईप्रॉममध्येच सापडला. ० साठी ३एफ, मग १ साठी ०६ हवा होता. तिथे होता ०७. ४.४ ला ०७, ४.२ लाही ०७. त्या बिटातला भार पुरता गेलेला. ०७ हाच ७ चा आकार. भाची पंधरा दिवसांपूर्वी जे म्हणाली होती ते असं अक्षरशः समोर होतं.

असे पुरते गेलेले आणखी बिट असतील तर नुसत्या वाचण्याने कळणार नव्हते. म्हणून सगळा मॉनिटर हाताने उलगडला. दुपारी जेवणं झाली की ओट्यावर बसून एकेक बाइट: हा हुकूम, याला दोन बाइट पुढचे, ही उडी कुठे जाते, तिथे खरंच काही सुरू होतं का. तीन जागी उडी भलतीकडे जात होती. तिन्ही ठिकाणी एक १ परत ० केला की उडी एखाद्या सबरूटीनच्या पहिल्या बाइटवर चपखल बसायची. आठ दिवसांनी फाइल तयार झाली. तक्त्यातला ०७ भाचीने स्वतः ०६ केला.

दुरुस्ती

मूळ ईप्रॉम, २७६४, पुसून परत भरायची इच्छा होती, पण जुन्या २७६४ ला भरायला २१ व्होल्ट लागतात, २७६४ए ला १२.५, आणि माझ्याकडे २१ देणारा प्रोग्रॅमर (चिप भरायचं यंत्र) नाही. चुकीच्या व्होल्टेजचा प्रयोग त्या चिपवर करायला मन धजेना. म्हणून २८सी६४ घेतली. ही विजेनेच पुसली आणि लिहिली जाते, पाच व्होल्टवर भरते, खिडकी नाही, आणि वाचण्यापुरते पाय २७६४ शी जुळतात. पाय २७ तेवढा ५ व्होल्टला हवा, आणि आमच्या बेसवर तो आधीच होता.

४.५० पासून ५.२५ पर्यंत प्रत्येक पायरीला दहापैकी दहा. १ दाबलं, १ दिसला. गंजका कनेक्टर कापून टाकला. मशीन आता एसएमपीएसवर चालतं आणि ८२५१ मधून सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने भाचीच्या लॅपटॉपशी बोलतं. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसला, प्रवास सोडून.

जुने बोर्ड हाताळणाऱ्यांना माझी विनंती आहे. खिडकीची चिप दिसली की बाकी काही करायच्या आधी तिच्यावर काळी टेप किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लावा, मग बोर्ड धुवा, सावलीत वाळवा. आणि वीज देऊन खेळण्याआधी ती चिप कमी आणि पुऱ्या अशा दोन्ही व्होल्टेजला वाचून फाइल जपून ठेवा. प्रोसेसर आज ना उद्या दुसरा मिळेल. ईप्रॉममध्ये कुणी काय लिहिलं होतं ते दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळत नाही.

उरलेली चिप

खोक्यात एक ईप्रॉम आणखी होती. किटवर मॉनिटरशिवाय एक रिकामा बेस असायचा, प्रोजेक्टची मुलं आपला प्रोग्रॅम भरून तिथे चिप लावायची. एका किटच्या त्या बेसमध्ये ती होती, लेबल गेलेली. लिलावाच्या यादीत "ईप्रॉम २७६४, १ नग" एवढीच नोंद.

५ व्होल्टला वाचली: सगळीकडे एफएफ. ४.४ ला: एफएफ. कोरीच असेल म्हणून मी बाजूला ठेवणार होतो. भाचीने एलएम३१७ चा पॉट (व्होल्टेज बदलायची फिरकी) आणखी खाली फिरवला. ३.९ ला पहिल्या दोन-अडीचशे बाइटमध्ये शून्य डोकवायला लागले, प्रत्येक वाचनाला वेगळे, त्यापुढे एफएफच. चिप कोरी असती तर सगळीकडे सारखीच वागली असती. तिने शंभर वाचनं घेऊन जपून ठेवली आहेत. त्या शंभरांतही बहुतेक जागा हलतात. पण अगदी पहिला बाइट दर वेळी एकच येतो, ३१. एलएक्सआय एसपी. स्टॅक (प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) कुठे ठेवायचा ते सांगणारा हुकूम, जो आम्ही मुलांना प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत लिहायला शिकवायचो.